मौजे, परगणे, गट नंबर : खानदेशात नोंद मागण्याच्या रीतीचा इतिहास

संकेतस्थळाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जो मजकूर येतो, तो वाचून सर्व्हरवरचा प्रोग्रॅम कोणती नोंद दाखवायची हे ठरवतो. या मजकुराचे तुकडे म्हणजे पॅरामीटर. प्रत्येक तुकड्याला एक नाव आणि एक मूल्य असते, दोहोंच्या मध्ये बरोबरचे चिन्ह, आणि एका जोडीपासून दुसरी वेगळी करायला & हे चिन्ह. ‘जिल्हा=जळगाव&तालुका=एरंडोल&गट=४५’ असा मजकूर समोर आला तर खानदेशातल्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. तलाठ्याकडे उतारा मागताना तो हेच सांगत आला आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि नंबर या चार कप्प्यांत प्रश्न बसवायचा आणि मग नोंद मागायची, ही रीत वेबपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ती खानदेशात कशी घडली आणि माणसाऐवजी प्रोग्रॅम ती वाचू लागल्यावर तिच्यातले कोणते जुने पेच पुन्हा वर आले, हे एकत्र पाहिले तर दोन्ही गोष्टी नीट कळतात.

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य मोगलांचा सुभा झाले. शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला काही काळ दानदेश म्हणत. सुभ्याखाली परगणे आणि परगण्याखाली मौजे, अशी उतरंड महसुलासाठी वापरात होती. मराठी अमलातही ती मोडली नाही. परगण्याला देशमुख-देशपांडे, गावाला पाटील-कुलकर्णी, आणि कागदावर गावाचा उल्लेख ‘मौजे अमुक, परगणे अमुक’ असा. धुळ्यात ९ जानेवारी १९२७ रोजी स्थापन झालेल्या इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळाने मोडी कागदांचा मोठा ठेवा सांभाळला आहे. अशा कागदांच्या मायन्यात गाव एकटे क्वचितच येते. त्याच्या पाठीशी परगणा असतोच. कागद वाचणारा कारकून त्या गावाला कधी गेलेला नसला तरी कोणते गाव म्हणायचे आहे ते त्याला कळावे, एवढ्यासाठी ही जोडी होती. या मांडणीत लहानाकडून मोठ्याकडे जायचे असे. जमिनीच्या नोंदींच्या आजच्या संकेतस्थळावर आधी जिल्हा, मग तालुका आणि शेवटी गाव निवडावे लागते. क्रम उलटा झाला, पण एकाने दुसऱ्याचा संशय फेडायचा ही योजना तीच राहिली.

या योजनेची गरज खानदेशाच्या नकाशावर अजून दिसते. जळगाव तालुक्यात शिरसोली प्र.न. आणि शिरसोली प्र.बो. अशी दोन गावे लागून आहेत. ‘प्र.’ म्हणजे प्रगणे, परगण्याचेच दुसरे रूप. एकाच नावाची दोन गावे वेगवेगळ्या परगण्यांत पडली होती, म्हणून परगण्याचे आद्याक्षर नावाला चिकटले. धुळे तालुक्यात मोराणे प्र. लळिंग आहे. धरणगाव तालुक्यात पाळधी बुद्रुक आणि पाळधी खुर्द, जामनेर तालुक्यात नेरी बुद्रुक आणि नेरी दिगर. परगणे कारभारातून नाहीसे होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यांचे देशमुख, त्यांच्या कचेऱ्या, त्यांचे हिशेब सारे गेले. तरी नावामागचा तो एका अक्षराचा टेकू गेलेला नाही, कारण तो काढला की दोन गावांच्या नोंदी एकमेकींत मिसळतात. एकेकाळी स्वतंत्र कप्प्यात लिहिलेली माहिती पुढे नावाच्याच कप्प्यात येऊन बसली. संगणकाच्या फॉर्ममध्ये असेच घडते तेव्हा आजचे प्रोग्रॅमर त्याला आराखड्यातला दोष म्हणतात. खानदेशाने तो दोष तीन राजवटींमधून जपला आणि त्याचा उपयोगही करून घेतला.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट. त्याने कारभाराचे ठाणे धुळ्याला केले. नव्या सरकारला गाव कळत होते, पण गावाच्या आत काय आहे ते कळत नव्हते. कोणते शेत कोणाचे, ते केवढे आणि त्यावर धारा किती, हे कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि त्याहून अधिक गावाच्या स्मरणात होते. शेतांना नावे होती, हद्दींना झाडे आणि ओघळ होते, आणि ते सारे स्थानिक माणसालाच समजत असे. बाहेरच्या अधिकाऱ्याने शेताची नोंद मागायची तर कुलकर्ण्यामार्फतच मागावी लागे. प्रश्न कसा विचारायचा हे उत्तर देणाऱ्याच्याच हाती होते.

हे बदलले ते मोजणीने. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूर भागात जी पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात जी नियमबद्ध झाली, तिचा गाभा साधा होता. प्रत्येक शेत मोजायचे, हद्दीवर दगड रोवायचे, गावाच्या नकाशावर ते दाखवायचे आणि त्याला एक क्रमांक द्यायचा. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिच्या एका चौरसाचे १०८९ चौरस फूट म्हणजे १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. धारा शेतकऱ्यावर किंवा गावावर नव्हे तर त्या क्रमांकावर बसू लागला. सर्व्हे नंबर हा शब्द तिथून मराठीत आला आणि तो इतका रुजला की तो इंग्रजी आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खानदेशात हे काम शांतपणे झाले नाही. १८५२ च्या अखेरीस सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीला उघड विरोध झाला. हजारोंच्या जमावाने मोजणीदारांना काम करू दिले नाही. मोजणीच्या पाठोपाठ धारा वाढेल ही भीती त्यामागे होती, आणि ती निराधार म्हणता येत नाही, कारण मोजणी धारा ठरवण्यासाठीच चालली होती. सरकारने फौज आणली. १८२५ मध्ये औट्रमने उभारलेली भिल्ल पलटणही वापरली. पुढाऱ्यांना अटक झाली आणि साखळी पुन्हा शेतांवर फिरू लागली. या दंग्याकडे करवाढीचा दंगा म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. शेताला नंबर मिळाला की गावाला न विचारता, कुलकर्ण्याला मध्ये न घालता, धुळ्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला त्या शेताबद्दल नेमका प्रश्न विचारता येऊ लागला. कोणाला काय विचारता येते, यात सत्ता असते. गावकऱ्यांनी ते शब्दांत मांडले नसेल, पण साखळी अडवताना त्यांनी अडवायला हवे होते तेच अडवले.

नंबर एकदा बसला तरी जमीन स्थिर राहिली नाही. वाटण्या झाल्या, विक्री झाली, आणि एका नंबराचे पोटहिस्से पडले. ४५ चे ४५/१ आणि ४५/२ झाले, मग ४५/२/अ आणि ४५/२/ब. धाऱ्याच्या नोंदीत मालकी हक्काचा पुरावा पुरेसा नव्हता, म्हणून मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. पुढे गावनमुन्यांची जी पद्धत स्थिरावली, तिच्यात नमुना ७ अधिकार अभिलेखाचा आणि नमुना १२ पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि तो कागद ‘सातबारा’ झाला. नमुना ६ फेरफारांचा, ८-अ खात्याचा. कुलकर्णी वतने १९५१ मध्ये संपली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले.

स्वातंत्र्याच्या वर्षी तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. एकत्रीकरण ज्या गावांत झाले तिथे सर्व्हे नंबर मागे पडले आणि गट नंबर आले. एकाच जमिनीला आता दोन ओळखी झाल्या. खरेदीखतात जुना सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर नवा गट नंबर, आणि दोन्हींचा मेळ लावणारा तक्ता तिसरीकडे. खानदेशातल्या दिवाणी दाव्यांत ‘जुना सर्व्हे नंबर अमुक, नवीन गट नंबर तमुक’ हे वाक्य आजही लिहावे लागते.

नंबराच्या वरचे कप्पेही हलत राहिले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. पुढे जिल्ह्यांना ठाण्यांचीच नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी यांच्यासह नंदुरबार तालुक्यातल्या शेतांच्या प्रश्नातला पहिला कप्पा एका दिवसात बदलला. शेत जिथल्या तिथे राहिले. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. एरंडोल तालुक्यातून धरणगाव तालुका निघाला. ज्याच्या हातात पन्नास वर्षांपूर्वीचा कागद आहे, त्याला त्याच जमिनीची आजची नोंद मागण्यासाठी चार कप्प्यांपैकी काही नव्याने भरावे लागू शकतात.

वेबवर प्रश्नचिन्ह आले ते शोधासाठी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेबपानाला ‘इथे शब्द शोधता येतो’ असे सांगण्याची एक खूण होती. वाचकाने शब्द टंकला की ब्राउझर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून तो जोडत असे आणि दोन शब्दांमध्ये अधिकचे चिन्ह घालत असे. त्या प्रश्नाला एकच कप्पा होता आणि त्या कप्प्याला नाव नव्हते. १९९३ मध्ये फॉर्म आले. एका पानावर अनेक रकाने, प्रत्येकाला नाव, आणि पाठवताना नाव-मूल्यांच्या जोड्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धत ठरली. सर्व्हरने प्रश्नचिन्हानंतरचा सारा मजकूर क्वेरी स्ट्रिंग या नावाने जसाच्या तसा प्रोग्रॅमच्या हवाली करायचा. तो फोडून वाचायचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे.

हे काम वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. आधी & या चिन्हावर तोडायचे, मग प्रत्येक तुकडा बरोबरच्या पहिल्या चिन्हावर तोडायचा, आणि त्यानंतरच टक्केवारीच्या चिन्हाने झाकलेली अक्षरे उघडायची. हा क्रम उलटा केला तर चूक होते. एखाद्या पेढीच्या नावातच & असेल, तर पाठवताना ते चिन्ह झाकलेले असते. आधीच उघडले तर नावाचे दोन तुकडे होतात आणि अर्धे नाव नव्या पॅरामीटरचे नाव बनते. १९९३ ते १९९५ च्या काळात ज्याने त्याने हे फोडणे आपापल्या परीने लिहिले आणि पुष्कळांनी चुकीचे लिहिले. त्या सगळ्यांना एकदाच आणि नीट लिहिलेला वाचक हवा होता. फ्रेमवर्कचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या तयार सांगाड्याचा, उगम या गरजेत आहे.

१९९५ मध्ये रासमुस लेर्डॉर्फने पीएचपी ही वेबसाठीची भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात फॉर्मचे रकाने आपोआप प्रोग्रॅमची चले होऊन येत. पत्त्यात ‘गाव’ असे नाव आले की प्रोग्रॅममध्ये त्याच नावाचे चल तयार असे. शिकणाऱ्याला हे फार सोपे वाटले आणि पीएचपी जगभर पसरली. पण प्रोग्रॅममध्ये ‘अधिकारी’ अशा नावाचे चल असेल तर पत्त्यात ते नाव घालून कोणालाही त्याचे मूल्य ठरवता येई. विचारणाऱ्याच्या हातात दप्तराची लेखणी दिल्यासारखे ते होते. २००१ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीत पत्त्यातून आलेल्या मूल्यांसाठी स्वतंत्र संच आला, २००२ मध्ये जुनी सोय मुळातच बंद अवस्थेत येऊ लागली, आणि २०१२ मध्ये ती काढून टाकली गेली. दरम्यान जावाच्या सर्व्हलेटने आणि मायक्रोसॉफ्टच्या एएसपीने पॅरामीटर मागून घेण्याची रीत घातली होती. प्रोग्रॅमने नाव घेऊन विचारल्याशिवाय मूल्य हाती येत नाही, ही शिस्त तिथून आली. २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स आणि २००५ मध्ये जँगो ही फ्रेमवर्के प्रसिद्ध झाली, तेव्हा ही शिस्त सर्वमान्य झालेली होती. तरी रेल्समध्ये एक फट उरली. फॉर्ममधून आलेला अख्खा संच एका झटक्यात नोंदीत भरता येत असे, आणि त्यात कोणी आगंतुक रकाना घातला तर तोही भरला जाई. मार्च २०१२ मध्ये प्रोग्रॅम साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर याच फटीतून एका वापरकर्त्याने स्वतःची किल्ली दुसऱ्याच्या प्रकल्पाला जोडून दाखवली. रेल्सच्या पुढच्या वर्षीच्या चौथ्या आवृत्तीपासून कोणते रकाने स्वीकारायचे ते आधी नावानिशी सांगणे सक्तीचे झाले. गावनमुन्यात छापलेल्या रकान्यांबाहेर काही लिहायचे नाही, हा महसूल खात्याचा जुना नियम आहे. फ्रेमवर्कला तो गाठायला वीस वर्षे लागली.

एकच नाव दोनदा आले तर काय करायचे, याचे उत्तर मात्र आजही एक नाही. सातबाऱ्यावर एका गटाला पाच सहहिस्सेदार असणे रोजचेच आहे. पत्त्यात ‘खातेदार’ हे नाव पाच मूल्यांसह आले, तर सर्व्हलेटचा साधा वाचक पहिले मूल्य देतो, पीएचपी आणि जँगो शेवटचे देतात, एएसपी स्वल्पविरामाने सगळी जोडून देते. जँगोत पूर्ण यादी हवी तर ती वेगळ्या पद्धतीने मागावी लागते, पीएचपीत नावापुढे चौकटी कंस लावावा लागतो. विचारणारा आणि वाचणारा यांचे या बाबतीत एकमत नसेल तर पाचपैकी चार भाऊ गळतात. तेही चूक झाल्याचा कोणताच इशारा न मिळता. म्हणून ही चूक शोधायला सर्वांत कठीण असते.

मराठी मूल्य पत्त्यातून पाठवणे हा याहून मोठा पेच होता. पत्त्यात मुळात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि थोडी चिन्हे चालतात. बाकी प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत लिहावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात. जळगाव या शब्दात ज, ळ, ग, काना आणि व असे ५ घटक, म्हणजे १५ बाइट, म्हणजे पत्त्यात ४५ चिन्हे. धुळे या शब्दाला ३६. पण निदान हा हिशेब ठरलेला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर चालत. पडद्यावर देवनागरी दिसे आणि आत रोमन अक्षरांचे संकेत असत. अशा पानावरून गावाचे नाव पाठवले तर सर्व्हरला निरर्थक रोमन अक्षरे मिळत, आणि फॉन्ट बदलला की त्याच गावाचे मूल्य बदले. भारताचे इस्की हे लिपी-संकेतांचे मानक १९८८ पासून होते आणि १९९१ च्या युनिकोडमधली देवनागरी त्याच्याच आधारे रचली गेली. तरीही छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून फॉन्टची सवय जायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली.

युनिकोडनेही सगळे सुटले नाही. शिरपूर तालुक्यातल्या तऱ्हाडी या गावाचे नाव दोन-तीन प्रकारे टंकता येते. त्यातला अर्धा र कोणी ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितो, कोणी साध्या र ला जोडणारे अदृश्य चिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, प्रोग्रॅमला ती दोन वेगळी गावे वाटतात. फ्रेमवर्क मूल्य वाचून देते; ते प्रमाण रूपात आणण्याचे काम प्रोग्रॅमरने आठवणीने करावे लागते, आणि या अदृश्य चिन्हाच्या बाबतीत युनिकोडची स्वतःची प्रमाणीकरणाची पद्धतही पुरी पडत नाही. लेखनाचे नियमही मध्ये येतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या दप्तरांत ‘जळगांव’ आणि ‘नांव’ भरपूर आहेत. पिंप्री आणि पिंपरी, यांतले कोणते गावाचे अधिकृत रूप, हे दप्तर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

अंकांचे तर असे आहे की एकच मूल्य चार भाषांत तीन प्रकारे वाचले जाते. पॅरामीटर नेहमी मजकूर म्हणूनच येतो. त्याचा आकडा करायचे काम नंतरचे. ‘४५’ हा देवनागरी मजकूर पायथन आणि जावा बिनतक्रार पंचेचाळीस म्हणून घेतात. जावास्क्रिप्ट ‘हा आकडा नव्हे’ असे सांगते. पीएचपी पूर्णांकात बदलताना त्याचे शून्य करते, आणि हे सर्वांत वाईट, कारण शून्य हा आकडा पुढे चालत राहतो. मराठी कळफलकावरून गट नंबर टंकणारा माणूस काही चुकीचे करत नाही. त्याचे अंक ओळखणे ही वाचणाऱ्याची जबाबदारी आहे.

पोटहिश्शाची तिरकी रेघही अशीच नडते. पत्त्याच्या मुख्य भागात तिरकी रेघ म्हणजे पायरी बदलली. ४५/२/अ हे तिथे तीन पायऱ्या म्हणून वाचले जाईल. रेघ झाकून पाठवली तरी अपाचे सर्व्हर मूळ मांडणीत असा पत्ता नाकारतो आणि पान सापडले नाही असे कळवतो. प्रश्नचिन्हानंतर मात्र ती रेघ चालते. २००५ च्या पत्त्यांच्या मानकाने ते स्पष्ट केले आहे. शंभर वर्षांपूर्वी मोजणीदाराने सोय म्हणून जी रेघ ओढली, तिच्यामुळे आजच्या प्रोग्रॅमरला नोंदीचा क्रमांक पत्त्याच्या कोणत्या भागात ठेवायचा हे ठरवावे लागते. पोटहिस्सा वेगळ्या कप्प्यात घेणे हा त्यावरचा अधिक पक्का उपाय आहे.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या ८ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे ती राज्यभर आली, आणि महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा घरबसल्या पाहता येऊ लागला. तिथे खानदेशातल्या माणसाने आधी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार निवडायचे, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी गट नंबर किंवा नाव. गाव टंकायचे नसते, यादीतून निवडायचे असते. ही रचना वर सांगितलेल्या निम्म्या अडचणी टाळते. ज्याला तऱ्हाडीचा र कसा टंकायचा हे ठाऊक नाही, त्यालाही तऱ्हाडी निवडता येते. मात्र नावाने शोधताना त्या अडचणी पुन्हा परततात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याला १५ रुपये शुल्क आहे आणि तो कायदेशीर कामाला चालतो. नुसता पाहण्याचा उतारा फुकट आहे, पण तो पुरावा म्हणून चालत नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि गावाच्या नावाशेजारी गावाचा संकेतांक छापला जाऊ लागला. शिरसोलीच्या मागच्या ‘प्र.न.’ने जे काम केले, तेच काम आता आकडा करतो. संकेतांक हवाच होता. पण संकेतांकही अढळ नसतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या यादीत नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३ असे होते. २०११ मध्ये देशभर सलग क्रमांक दिले गेले आणि ते ४९७, ४९८, ४९९ झाले. म्हणून संकेतांक पाठवताना तो कोणत्या यादीतला, हेही कुठेतरी लिहिलेले असावे लागते. आणि गावाचे नाव कागदावर राहिलेच पाहिजे. आकड्यातली एका अंकाची चूक डोळ्यांना कळत नाही, चुकीचे गाव मात्र शेतकऱ्याला लगेच कळते.

उतारा मागणे आणि फेरफार नोंदवणे या तलाठ्याकडच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतारा कितीदाही मागितला तरी दप्तर बदलत नाही. फेरफाराला मात्र अर्ज, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन लागते. वेबच्या मानकांनीही हाच भेद केला आहे. पत्त्यातल्या पॅरामीटरवर चालणारी गेट ही रीत फक्त नोंद वाचण्यासाठी, तर नोंद बदलायची असेल तर मजकूर पत्त्यात न ठेवता पोस्ट या रीतीने विनंतीच्या पोटात पाठवायचा. हा भेद न पाळणाऱ्या संकेतस्थळांवर शोधयंत्राने नुसते दुवे उघडत जाताच नोंदी पुसल्या गेल्याची उदाहरणे घडली आहेत. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, दुसऱ्याला पाठवता येतो. गट नंबरासाठी ते सोयीचे आहे, आधार क्रमांकासाठी नाही.

पत्त्यातले मूल्य विचारणाऱ्याच्या हातात असते, हे विसरल्याने मोठे घोटाळे झाले. मूल्य जसेच्या तसे डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवले तर विचारणारा मूल्याच्या जागी स्वतःची आज्ञा लिहू शकतो. १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात याचे पहिले सविस्तर वर्णन आले. आजची फ्रेमवर्के आज्ञा आणि मूल्य वेगवेगळे पाठवतात, म्हणून ती वाट बरीचशी बंद झाली आहे. दुसरी वाट मात्र कोणतेही फ्रेमवर्क आपण होऊन बंद करू शकत नाही. पत्त्यातला ४५ काढून ४६ घातला की शेजाऱ्याची नोंद दिसते. सातबाऱ्याच्या बाबतीत ते रास्तच आहे. अधिकार अभिलेख सर्वांना पाहता यावा म्हणूनच ठेवलेला असतो, जमीन घेणाऱ्याला तिच्यावरचा बोजा दिसलाच पाहिजे. पण तीच रचना बँकेच्या खात्याला किंवा रुग्णाच्या अहवालाला लावली तर तो सरळ भंग ठरतो. कोणती नोंद कोणाला पाहता येते हा नियम पॅरामीटर वाचणाऱ्या ओळीत नसतो. तो कायद्यात, रूढीत आणि खात्याच्या आदेशात असतो, आणि प्रोग्रॅममध्ये कोणीतरी तो उतरवावा लागतो.

२०२२ पासून महाराष्ट्रात सातबाऱ्यावर प्रत्येक भूखंडाचा ११ अंकी विशिष्ट क्रमांक आणि क्यूआर कोड येऊ लागला. त्याने जिल्हा, तालुका, गाव आणि गट या चार कप्प्यांच्या जागी एकच कप्पा पुरेल अशी योजना आहे. जिल्हा फुटला, तालुका बदलला, गावाचे नाव पालटले तरी हा क्रमांक हलायचे कारण नाही. पोटहिस्सा पडला की मात्र नव्या तुकड्यांना नवे क्रमांक द्यावे लागतात आणि जुन्याशी त्यांची सांगड नोंदवून ठेवावी लागते, जशी सर्व्हे नंबराची गट नंबराशी तक्त्यात ठेवली होती.